मेथिलफेनिडेट, आठ महिने घेतल्यावर: पाचपैकी चार स्टार, एक स्टार डब्यासाठी कापला

आधीच सांगतो, मी डॉक्टर बिक्टर नाही, सांगलीत जीएसटी आणि इन्कमटॅक्सची कामं करतो, वय ३९, आणि मागच्या वर्षी मला एडीएचडी (लहानपणापासूनचा, लक्ष एका जागी न टिकण्याचा आणि चुळबुळीचा त्रास) आहे असं निघालं, मेथिलफेनिडेट ही त्यावरचीच गोळी. आपण कुकर घेताना चाळीस रिव्ह्यू वाचतो, मग जी गोळी रोज सकाळी पोटात जाते तिच्याबद्दल मराठीत काही आहे का बघायला गेलो तर सगळं लहान मुलांबद्दल, चाळिशीतल्या टक्कल पडायला लागलेल्या माणसाबद्दल फारसं काही नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू. माझ्यावर जे झालं ते तुमच्यावर होईलच असं नाही, डोस-बिस मला विचारू नका.

पार्श्वभूमी थोडक्यात. घरात माझं नाव वेंधळ्या. शाळेत प्रत्येक प्रगतिपुस्तकावर एकच शेरा, हुशार आहे पण लक्ष देत नाही. धंद्यात तेच, हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, सगळ्यांचे आकडे माझ्या तोंडपाठ, पण २० तारखेचं ३बी रिटर्न (जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र) १९ च्या रात्री साडेअकराला उघडणार आणि चारदोन लोकांचं राहणारच. मग रोजचे ५० रुपये लेट फी, आणि चूक माझी म्हणून भरायची पण मीच. एका वर्षी त्याचा हिशोब केला आणि बायकोला दाखवलाच नाही. शेवटी तिनेच मिरजेच्या एका सायकिअॅट्रिस्ट मॅडमची अपॉइंटमेंट घेतली, कारण मी घेतली असती तर तारीख विसरलो असतो हे तिला माहीत होतं.

मॅडमनी दोन सिटिंगमध्ये ढीगभर प्रश्न विचारले, आईला बोलावून घेतलं, कारण म्हणे १२ वर्षांच्या आधीपासून लक्षणं दिसत असली पाहिजेत, मोठेपणी अचानक उगवलेलं असेल तर कारण वेगळं असू शकतं, थायरॉइड, झोप, डिप्रेशन, काहीही. आईने चौथीपासूनची प्रगतिपुस्तकं पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. मॅडम वाचत गेल्या आणि हसल्या. आई मात्र हसली नाही, बाहेर आल्यावर म्हणाली, "मी तुला उगाच मारलं का रे मग?" यावर मला आजपर्यंत नीट उत्तर देता आलेलं नाही.

सुरुवात या गोळीने नव्हती. आधी अॅटोमॉक्सेटिन दिलं, ते स्टिम्युलंट म्हणजे उत्तेजक औषध नाही, साध्या चिठ्ठीवर मिळतं, पण परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात आणि मला रोज सकाळी एसटीत बसल्यासारखं मळमळायचं. ज्यांना ते मानवतं त्यांना मानवतं, मला नाही मानवलं. मग बीपी, नाडी, एक ईसीजी (वडिलांना हार्टचा त्रास होता म्हणून), घरी कोणाला दारू-ड्रग्जचा इतिहास आहे का ही चौकशी, आणि मग मेथिलफेनिडेट ५ मिलिग्रॅम.

आता खरी गंमत. गोळी लिहून मिळणं आणि गोळी हातात मिळणं यात मिरज ते पंढरपूर एवढं अंतर आहे. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, शिवाय एनडीपीएस म्हणजे नशेच्या पदार्थांवरच्या कायद्याच्या यादीतही आहे, त्यामुळे दुकानदाराला त्याचं वेगळं लायसन लागतं आणि ते सगळ्यांकडे नसतं. पहिल्या दुकानात पोऱ्याने चिठ्ठी बघितली, आत जाऊन मालकाला दाखवली, मालकाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि "आम्ही असलं ठेवत नाही" म्हणाला. 'असलं'! मी काय गावठी मागितली होती का. दुसरीकडे नाही, तिसरीकडे नाही, चौथ्या दुकानात होतं पण चिठ्ठी एकच होती, दोन प्रती लागतात, एक दुकानदार स्वतःकडे दोन वर्षं ठेवतो. परत मॅडमकडे. दुसऱ्या प्रतीवर सही शिक्का घेऊन आलो तेव्हा दुकानातल्या काकांनी गळ्यातल्या चावीने एक छोटं लोखंडी कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, माझं नाव, पत्ता, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या, सगळं निळ्या पेनाने सावकाश लिहिलं, मागे आठ माणसं उभी. पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरात एक्सआरएक्स छापलेलं. मला पासपोर्टला एवढं वाटलं नव्हतं. पण त्या काकांना पाचपैकी पाच, कारण त्यांनी एकही प्रश्न असा विचारला नाही की मान खाली जाईल, उलट "नाश्ता करून घ्या बरं का साहेब, नंतर भूक नाही लागायची" हे त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा, खाली येतंय.

पहिला दिवस. साडेनऊला गोळी घेतली, ऑफिसात बसलो, काही झालं नाही. मला वाटलं होतं डोक्यात ट्यूबलाइट लागेल. दहा-सव्वादहाला फक्त एवढं जाणवलं की डोक्यात एरवी तीन रेडिओ चालू असतात त्यातले दोन बंद झालेत. आणि मग मी काय केलं, तर मोबाईलवर या गोळीचाच इतिहास वाचत बसलो. पावणेदोनपर्यंत. न उठता. इतका वेळ एका जागी मी लग्नात पण बसलो नव्हतो. तर मला हे कळलं की १९४४ साली स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत लिआंद्रो पॅनिझॉन नावाच्या केमिस्टने हे बनवलं, त्याची बायको मार्गरिट, लाडाने रिटा, टेनिस खेळायच्या आधी घ्यायची, तिच्यावरून नाव पडलं रिटालिन आणि १९५४ साली बाजारात आलं. त्याच्याही आधी १९३७ मध्ये अमेरिकेत र्‍होड आयलंडला चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरने ३० मुलांना बेंझेड्रिन म्हणजे अॅम्फेटॅमिन दिलं होतं. मुलांच्या पाठीतून सुई घालून एक तपासणी करायचे, त्याने डोकं प्रचंड दुखायचं, त्यावर उपाय शोधत होता, डोकेदुखीचं राहिलं बाजूला आणि निम्मी पोरं एकदम गणितं सोडवायला लागली. पोरं त्याला गणिताची गोळी म्हणायची. हे सगळं मला पाठ झालं, आणि टेबलावर तीन अडत्यांची रिटर्नं जशीच्या तशी.

तर या प्रॉडक्टबद्दल सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि ते पाकिटावर लिहिलेलं नसतं: ही गोळी लक्ष देते, कुठे द्यायचं ते सांगत नाही. गोळी चढायच्या वेळी तुमच्यासमोर जे असेल त्याला तुम्ही गोचिडीसारखे चिकटणार. मोबाईल असेल तर मोबाईल. म्हणून आता माझा नियम असा की गोळी घ्यायच्या आधी फाइल उघडायची, पोर्टलवर लॉगिन करून ठेवायचं, मोबाईल बायकोच्या ड्रॉवरमध्ये (ती शेजारच्या टेबलावर अकाउंट्स बघते), मग गोळी, मग चहा. अर्ध्या तासाने मी आपोआप बेदाण्याच्या बिलात असतो.

आईला प्रश्न पडला होता की एवढा चुळबुळ्या माणूस, त्याला उत्तेजक औषध देऊन अजून उड्या मारायला लावणार का. मला शेतातलं उदाहरण सुचलं, आमची थोडी शेती आहे कवठे महांकाळकडे. पाटाला पाणी सोडलंय, पाणी आहे, पण ते वरच्याच सऱ्यांत मुरतंय, शेवटच्या सरीपर्यंत पोचतच नाही. मेंदूत एका पेशीने दुसरीला निरोप द्यायला डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन नावाचं रसायन सोडलेलं असतं आणि लगेच ते परत ओढून घेणारे पंप असतात. मेथिलफेनिडेट ते पंप काही तास अडवून धरतं, म्हणजे सोडलेलं पाणी पुढपर्यंत जातं. आणि शेवटच्या सरीत काय आहे, तर ब्रेक. कपाळामागचा जो भाग "थांब, आधी हे पुरं कर" म्हणतो त्याला पाणी मिळतं, म्हणून माणूस उड्या मारायच्या ऐवजी बसतो. आई म्हणाली मग गुंगीचं नाही ना. नाही. झोप येत नाही, उलट उशिरा घेतली तर रात्री दोनपर्यंत छताचा पंखा मोजायचा.

साधी गोळी तीन-चार तास चालते. सकाळी एक, दुपारी एक असं होतं, दुपारची मी विसरायचो (आईला काळजी की याचं व्यसन लागेल, आणि मी गोळीच आठवड्यातून दोनदा विसरतो, असलं कसलं व्यसन). मॅडम म्हणाल्या की ठरलेल्या डोसात तोंडाने घेतली तर औषध हळूहळू चढतं म्हणून नशा होत नाही, पण कुटून, ओढून, जास्त घेऊन लोक गैरवापर करतात, ते कपाट आणि रजिस्टर उगाच नाही. आता एसआर घेतो, सावकाश सुटणारी, ती तोडायची चावायची नाही, मला सहा-सात तास पुरते. डोस हळूहळू वाढवला, दर वेळी बीपी आणि नाडी बघून. एकदा वरच्या डोसवर मी इतका शांत झालो की मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही आज जोक का नाही केला?" तो डोस दुसऱ्याच आठवड्यात खाली आणला.

आता कापलेला स्टार. भूक. दीड वाजता डबा उघडला की ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत माझ्याकडे बघतं आणि मी त्याच्याकडे, जसं काही पुठ्ठा खायचाय. पहिल्या महिन्यात डबा तसाच परत. बायकोला आधी वाटलं मी बाहेर खातो, मग वाटलं भांडण झालंय, एकदा तर सरळ विचारलं, "अहो, माझ्या हाताची चव गेली का?" साडेतीन किलो वजन गेलं. आणि साडेपाचला औषध उतरलं की अशी भूक की अर्धा किलो भडंग एकट्याने. त्याच वेळेला चिडचिड पण, साडेपाच ते सात मला कोणी हाक मारली तरी राग यायचा, औषध उतरताना असं होतं म्हणे. उपाय असा निघाला की गोळीच्या आधी पोटभर नाश्ता (काका बरोबर होते), दुपारी भाकरीऐवजी दही-केळं काहीतरी ढकलायचं, आणि साडेपाचला घरी जायच्या आधी बंधाऱ्यावर चक्कर. लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टर उंची आणि वजन नियमित मोजतात ते यासाठीच, त्यामुळे मुलाला चालू असेल तर ती मोजणी चुकवू नका. बाकी तोंड कोरडं पडतं, सुरुवातीला डोकं दुखलं, आणि चहा. मी दिवसाला सहा चहावाला माणूस, गोळीवर तिसरा चहा झाला की छातीत धडधड. आता दोनवर आलोय, हा माझ्यासाठी साइड इफेक्टपेक्षा शिक्षाच आहे.

पुतण्या एमपीएससी करतो. त्याने कुठूनतरी ऐकलं आणि दिवाळीत हळूच आला, "काका, एक पाकीट द्या ना, मुख्य परीक्षेपुरतं." सरळ नाही म्हटलं. एक तर कायद्याने गुन्हा, दुसरं त्याचा बीपी कोणी बघितलाय, आणि तिसरं, भावा, तुझ्यासमोर पुस्तकाच्या ऐवजी इन्स्टा असेल तर तू सलग सहा तास इन्स्टा बघशील, मला विचार. तो नाराज झाला, पण दुसऱ्या दिवशी मोबाईल आमच्याकडे ठेवून गेला, तेवढं तरी झालं.

न्यू जर्सीत मावसभाऊ आहे, तो अॅडरॉल घेतो, म्हणजे अॅम्फेटॅमिन, तो म्हणतो ते तुमच्याकडे का नाही. ते आपल्याकडे दुकानात मिळत नाही, स्टिम्युलंट म्हटलं की इथे मेथिलफेनिडेटच. त्याला वाटतं आम्ही मागासलेले. मी त्याला आठवण करून दिली की २०२२ च्या ऑक्टोबरात त्यांच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) त्याच अॅडरॉलचा तुटवडा जाहीर केला होता आणि तो तेव्हा रोज दुकानं फिरत होता. मग गप्प बसला.

हिशोब: आठ महिन्यांत लेट फी दोनदा, तेही त्या महिन्यात स्टॉक नव्हता म्हणून (काका म्हणाले मंगळवारी या, मंगळवारी म्हणाले शुक्रवारी). गोळीचा महिन्याचा खर्च आधीच्या लेट फीपेक्षा बराच कमी. वेंधळेपणा गेला का, तर नाही, चष्मा अजून फ्रीजमध्ये सापडतो. काम सुरू करता येतं आणि सुरू केलेलं संपतं, एवढं बदललंय, आणि गोळी उतरली की तेही नाही.

सर्व्हिसबद्दल एकच तक्रार. विसरभोळ्या माणसासाठी असलेलं औषध दर महिन्याला नवीन चिठ्ठी, दोन प्रती, दुकान उघडं असतानाच स्वतः जाऊन, हे सगळं लक्षात ठेवून आणायचं. गेल्या बुधवारी मी मिरजेला पोचलो आणि चिठ्ठी घरी, फ्रीजवर. बायकोने फोटो पाठवला. काकांनी फोटो बघितला, हसले, आणि कपाटाची चावी परत शर्टात घातली.