नर्सिंगच्या पहिल्या नोकरीच्या नावाखाली माझे २७,७०० रुपये गेले, नवीन पास झालेल्या मुलींनी नक्की वाचा

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय, लातूर जिल्ह्यातल्या एका छोट्या कॉलेजमधून. हे लिहायला मला बरेच महिने लागले कारण घरच्यांशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं, पण आता आमच्या खालच्या बॅचचा रिझल्ट लागलाय आणि मुली धडाधड रिझ्युमे पाठवायला लागल्यात, म्हणून जसं झालं तसं सगळं लिहिते. लांब होईल थोडं, पण पूर्ण वाचा.

जीएनएम झालेल्या मुलीला पहिल्या नोकरीची एवढी घाई का असते हे बाहेरच्यांना कळत नाही. एम्सची नॉरसेट म्हणजे नर्स भरतीची परीक्षा द्यायची तर बीएस्सी नर्सिंगवाल्यांना अनुभव लागत नाही पण आम्हाला किमान ५० बेडच्या हॉस्पिटलमधला २ वर्षांचा अनुभव लागतो, तोही पास झाल्यानंतरचा. आमच्याकडची नर्सिंग होम १० नाहीतर १५ बेडची, तिथे सात-आठ हजारावर दिवस-रात्र ड्युटी करा आणि तो अनुभव या परीक्षेला चालतच नाही. त्यामुळे कुणी फोनवर "पुणे, २०० बेड, एक्स्पीरियन्स लेटर मिळणार" असं म्हटलं की आपलं काळीज तिथेच धडधडायला लागतं, माझंही लागलं.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि मी तयारीला लागले. २०० पानी वही केली होती, डाव्या पानावर प्रश्न आणि उजव्या पानावर उत्तर. इंजेक्शन देतानाचे राइट्स (बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस वगैरे), जीसीएस म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे त्याचा स्कोअर कसा काढायचा, क्रॅश कार्टमध्ये म्हणजे इमर्जन्सीच्या ट्रॉलीत काय काय असतं, ब्लड चालू असताना रिअॅक्शन आली तर आधी काय करायचं. संध्याकाळी आई भाकरी थापायची आणि मी चुलीपाशी बसून तिला इंग्लिशमधून स्वतःची ओळख करून द्यायचे, तिला एक शब्द कळायचा नाही पण अडखळले की ती म्हणायची, परत म्हण. रिझ्युमे नेटकॅफेत करून घेतला. त्या पोराने त्यात जन्मतारीख, पूर्ण पत्ता, आधार नंबर, कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर, पप्पांचा मोबाईल, सगळं टाकलं आणि मला वाटलं जेवढं जास्त तेवढं चांगलं. तो रिझ्युमे मी नोकरीच्या दोन साइटवर टाकला आणि नर्सिंग जॉबच्या तीन टेलिग्राम ग्रुपवर पीडीएफ टाकली. हजारो लोक असलेल्या ग्रुपवर माझा आधार नंबर मी स्वतःच्या हाताने टाकला.

चौथ्या दिवशी फोन आला. चांगलं मराठी बोलणारा माणूस, घाई नाही, गोड गोड बोलणं पण नाही. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव घेतलं (हॉस्पिटल खरं आहे, त्यांचा यात काही दोष नाही म्हणून नाव लिहीत नाही) आणि म्हणाला आम्ही त्यांचं रिक्रूटमेंट बघतो, तुमचा प्रोफाईल शॉर्टलिस्ट झालाय, उद्या ११ वाजता व्हिडिओ इंटरव्ह्यू. रजिस्ट्रेशनचे १,५०० रुपये भरायचे, सिलेक्शन नाही झालं तर परत. १,५०० म्हणजे परीक्षेच्या फॉर्मला लागतात तेवढेच वाटले. भरले.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती ही. तो इंटरव्ह्यू चांगला होता. मला सगळे विचारतात की अगं तुला शंका कशी आली नाही, तर शंका यायला जागाच नव्हती. माझ्या डोक्यात होतं की फ्रॉड करणारा माणूस म्हणजे लॉटरी लागली म्हणणारा, ओटीपी मागणारा. इथे समोर शर्ट-टाय घातलेला माणूस आणि कॅमेरा बंद ठेवलेल्या एक मॅडम, आणि मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, पोटॅशियम क्लोराईड थेट पुश करतात का. मी म्हटलं नाही मॅडम, कधीच नाही, डायल्यूट करून हळूहळूच द्यायचं, नाहीतर हार्ट बंद पडू शकतं. मग नीडल स्टिक इंज्युरी झाली तर काय करणार. मी सांगितलं की साबण-पाण्याने धुवायचं, जखम दाबायची नाही, इनचार्जला लगेच कळवायचं, आणि पीईपी (एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायची औषधं) लागली तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजे. मग ब्लड रिअॅक्शनचा प्रश्न आला, तो तर माझ्या वहीतला, आधी ट्रान्सफ्युजन बंद करायचं, नवीन सेट लावून नॉर्मल सलाईनने लाईन चालू ठेवायची, डॉक्टरांना आणि ब्लड बँकेला कळवायचं, पिशवी फेकायची नाही. मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड सिस्टर." ट्रेनिंगच्या तीन वर्षांत वॉर्डात आम्हाला सगळे "ए स्टुडंट" म्हणायचे. सिस्टर म्हणणारी ती पहिली बाई, आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. नंतर कळलं की असे प्रश्न आणि उत्तरं नेटवर शेकड्याने पडलेली आहेत, कुणीही वाचून विचारू शकतं. पण मी उत्तरं बरोबर दिली होती ना, म्हणून पुढे जे आलं ते मला माझ्या मेहनतीचं फळ वाटलं, आणि जे आपण कमावलं असं वाटतं त्यावर माणूस शंका घेत नाही.

त्याच संध्याकाळी ऑफर लेटर आलं. लोगो, शिक्का, सही, पगार ३२,००० आणि हॉस्टेल फ्री. मग एकेक सुरू झालं. युनिफॉर्म आणि आयकार्डचे ४,८००. दोन दिवसांनी हॉस्टेलचं डिपॉझिट १२,५००, पहिल्या पगारासोबत परत. मग पोलीस व्हेरिफिकेशन आणि मेडिकलचे ८,९००. प्रत्येक वेळी मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, नाहीतर वेटिंगवरच्या मुलीला सीट जाणार. आणि प्रत्येक वेळी आधी भरलेले बुडतील ही भीती, म्हणून पुढचे भरायचे. पप्पांनी नुकतंच सोयाबीन विकलं होतं. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ होता, आम्हाला बाजारात ४,१०० मिळाला. म्हणजे हिशोब केला तर पावणेसात क्विंटल सोयाबीन त्या लोकांच्या खात्यात गेलं. पप्पा एकदाच म्हणाले, नोकरी देणारा पैसे कसे काय मागतो गं, आणि मी चिडून म्हटलं तुम्हाला नाही कळत पप्पा, मोठ्या हॉस्पिटलमध्ये असंच असतं. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

शेवटी त्यांनी ओरिजिनल मार्कशीट आणि कौन्सिलचं सर्टिफिकेट कुरिअरने मागवलं. तेवढं मात्र आईने पाठवू दिलं नाही. म्हणाली जॉइन करताना स्वतः घेऊन जा. त्या एका गोष्टीमुळे मी आज नोकरी करतेय.

सोमवारी सकाळी जॉइनिंग होतं. रात्रीच्या बसने निघाले, बॅग, गादीची वळकटी, आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. गेटवर वॉचमन काकांना लेटर दाखवलं तर त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही, नुसतं माझ्या वळकटीकडे बघितलं आणि म्हणाले ताई, आत एचआरला जाऊन भेटा, सामान इथे ठेवा मी बघतो. त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं. एचआरच्या मॅडमनी लेटर वाचलं, मग ड्रॉवर उघडून एक फाईल काढली आणि तसलीच लेटर माझ्यासमोर ठेवली. तोच शिक्का, तीच सही, नुसती नावं वेगळी. माझं त्या महिन्यातलं चौथं. "बाळा, आमच्याकडे स्टाफ नर्सला पैसे घेऊन घेत नाहीत, आणि आमचा मेल आमच्या हॉस्पिटलच्या नावाने येतो, जीमेलवरून येत नाही." खाली मेलचा पत्ता होता तिथे त्यांनी बोट ठेवलं. मी ते लेटर पन्नास वेळा वाचलं होतं, त्या ओळीकडे कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी मला चहा दिला. मला तो घशाखाली उतरला नाही.

आता माझी दुसरी मोठी चूक. मी बसस्टँडवर बसून त्या माणसाला फोन केले, शिव्या लिहिल्या, त्याने ब्लॉक केलं, आणि मी रागाच्या भरात सगळं चॅट डिलीट केलं. घरी सांगायला दोन दिवस आणि तक्रार करायला नऊ दिवस लावले, कारण लाज वाटत होती. असं अजिबात करू नका. पैसे गेलेत असं कळलं त्याच मिनिटाला १९३० ला फोन लावा, हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाईन नंबर आहे, आणि नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर तक्रार टाका. पैसा समोरच्या खात्यात असेपर्यंतच बँक तो अडकवू शकते, फसवणाऱ्यांकडे तो एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पटापट फिरवला जातो. तक्रारीत प्रत्येक पेमेंटचा १२ आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा नंबर) मागतात, तो यूपीआय ॲपच्या हिस्टरीत मिळतो, माझा मिळाला. पण चॅट नव्हतं, व्हिडिओ कॉलचा एकही स्क्रीनशॉट नव्हता. पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, कुणी हसलं नाही, पण साहेब स्पष्ट म्हणाले की नऊ दिवस खूप झाले. आजपर्यंत एक रुपया परत आलेला नाही.

खरी नोकरी कशी मिळते ते मला नंतर कळलं, आणि हे आधी माहीत असतं तर मी फसलेच नसते, म्हणून सांगते. आमची एक सिनियर ताई पुण्यात दुसऱ्या हॉस्पिटलला आहे, तिने मला वॉक-इनला, म्हणजे थेट जाऊन द्यायच्या इंटरव्ह्यूला बोलावलं. सकाळी ९ ला ३० मार्कांचा पेपर, औषधाच्या डोसची गणितं होती. मग नर्सिंग सुपरिटेंडंट मॅडमकडे तोंडी, आणि त्यांनी मला मॅनिकिनच्या (सरावाच्या पुतळ्याच्या) हातावर कॅन्युला (सलाईनची सुई) लावून दाखवायला सांगितलं. माझे हात थरथरत होते, त्या म्हणाल्या शांतपणे कर, आधी हँड हायजीन. मग एचआर. ओरिजिनल बघितले, झेरॉक्सवर सही घेतली आणि माझ्यासमोर ओरिजिनल परत दिले. मेडिकल त्यांच्याच हॉस्पिटलमध्ये त्यांच्याच खर्चाने. पगार १६,५००. पूर्ण दिवसात माझे फक्त झेरॉक्सचे आणि रिक्षाचे पैसे गेले. ३२,००० ऐकून हुरळून जाण्याआधी कुठल्याही सिनियरला फोन करून फ्रेशरला तिथे किती देतात एवढं विचारलं असतं तरी खोटं उघडं पडलं असतं.

काही हॉस्पिटलं ओरिजिनल ठेवून घेतात आणि दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात हेही ऐकलंय, खरी हॉस्पिटलं. ओरिजिनल देऊ नका. सर्टिफिकेट अडकवून ठेवण्याच्या विरुद्ध इंडियन नर्सिंग कौन्सिलने परिपत्रकं काढलेली आहेत, ते नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

आणि ज्या मुली बाहेर जायचं म्हणतायत त्यांच्यासाठी. माझ्या रूम पार्टनरला आखाती देशासाठी साडेतीन लाख मागितले होते, व्हिसा आणि डेटाफ्लोचे (सर्टिफिकेटच्या पडताळणीचे) म्हणून. परदेशी पाठवणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स असावं लागतं, ते ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून बघता येतं, आणि तो उमेदवाराकडून फी म्हणून जास्तीत जास्त ३०,००० आणि त्यावर जीएसटी एवढंच घेऊ शकतो, तेही पावती देऊन. ती यादीत बघायला बसली, त्या माणसाचं नाव नव्हतं. तिने पुढचा फोन उचलला नाही.

रिझ्युमेमधून आधार नंबर आजच काढा, पूर्ण पत्त्याऐवजी नुसतं गाव आणि जिल्हा लिहा. हॉस्पिटलचा नंबर लेटरवरून घेऊ नका, लेटरवर फसवणाऱ्यांचाच नंबर असतो, हॉस्पिटलच्या वेबसाइटवरून घ्या आणि रिसेप्शनला लावून एचआरला जोडून मागा. मी लेटरवरच्याच नंबरवर "खात्री" करून घेतली होती आणि एका बाईने मला हो म्हणून सांगितलं होतं.

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या एका ज्युनियरचा रात्री साडेदहाला फोन आला. ताई मला लेटर आलंय, पुण्याचं, पगार ३२,०००. मी म्हटलं फोटो पाठव. हॉस्पिटलचं नाव दुसरं होतं, पण खालची सही तीच, ती वळणदार आर मला अंधारातसुद्धा ओळखता येईल. तिने रजिस्ट्रेशनचे १,५०० भरले होते, तासाभरापूर्वी. मी तिला फोनवरच ठेवलं आणि तिच्या भावाच्या मोबाईलवरून १९३० लावायला सांगितलं, यूटीआर नंबर मी तिच्याकडून वाचून घेतला. तक्रार नंबर ११ वाजून ५ मिनिटांनी आला. गुरुवारी आमच्याकडे वॉक-इन आहे, ती बुधवारी रात्रीच्या बसने येतेय, तिला म्हटलंय की गादी आणू नकोस, माझ्या रूमवर आहे.