लग्न असो की ढोल-ताशा पथक, वेणी या ताईंकडूनच
पुण्यात तुळशीबागेच्या मागे एका ताईंचं छोटंसं पार्लर आहे, बहिणीच्या लग्नासाठी तिथे गेले होते आणि खरं सांगते, वेणी घालायच्या आधी एवढं कोणी विचारतच नाही, कार्यक्रम कुठला, साडी की घागरा, गजरा माळणार का, किती वेळ बसायचंय, सगळं. हळदीला सैलसर खजूर वेणी घातली, पिना अगदी कमी, कारण नंतर केस धुवायचेच असतात. लग्नात नऊवारी होती तर अंबाडा सुचवला पण मला लांब वेणीच हवी होती, मग पाचपेडी घातली. माझे केस पातळ, तर वेणी झाल्यावर शेंड्याकडून वर येत एकेका पेडाची कड बोटांनी हलकी ओढून सैल केली, इतकी भरलेली दिसली की गंगावन लागलंच नाही!! वर अबोलीचा गजरा, अहाहा.

पथकातल्या मुलींनी तर जाच, कपाळापासून दोन सागरवेण्या घालतात, फेट्याखाली नीट बसतात आणि लक्ष्मी रोडवर कितीही वाजवा, बट तोंडावर येत नाही. फक्त जास्त ताणू नका असं आधीच सांगा, हात जरा जड आहे, आणि सारखी अशी ओढ बसली तर कपाळाजवळचे केस गळतात.

लग्नसराईत नंबर आधी लावा, पार्किंग विसरा. आणि केस आदल्या दिवशीच धुवा, ताज्या धुतलेल्या सुळसुळीत केसांत पिना टिकत नाहीत.