जुना डी२ क्रॉलर: चौदा महिन्यांच्या खटपटीनंतर

कॅटरपिलर कंपनीचा डी२, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी साखळ्यांवर (चेनवर) चालणारा जुना डिझेल ट्रॅक्टर, हातात आला तेव्हा तो ट्रॅक्टर कमी आणि वाळलेल्या चिखल-ग्रीसचा ढीग जास्त होता. त्याला आता चौदा महिने झाले. पहिले नऊ उघडण्या-जोडण्यात गेले. गेले पाच महिने तो आठवड्यातून दोन-तीनदा चालतो आणि माती ओढतो. असलं धूड घ्यावं की नाही, या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितोय.

आधी माझा गाढवपणा सांगतो. डी२ १९३८ ते १९५७ बनत होता आणि बाहेरून सगळे भाऊभाऊ दिसतात. फोटो जुळला म्हणून मी पिस्टनच्या रिंगांचा सेट मागवला. आला तो पावणेचार इंची बोअरचा (बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास), आणि माझे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, चार इंची! मग मागच्या केसवरची ग्रीस खरवडली तेव्हा नंबर दिसला, सुरुवातीला ५यू. म्हणजे १९४७ नंतरची मालिका, ५० इंची गेज, म्हणजे दोन्ही चेनच्या मध्यांमधलं अंतर. तिची ४० इंची बहीण ४यू. लहान बोअरचं इंजिन त्याआधीच्या ३जे आणि ५जे मध्ये होतं. हे पहिल्याच दिवशी वाचायला हवं होतं. त्या रिंगा अजून फळीवर पडून आहेत.

तेव्हापासून पार्ट्स बुक हातात घेतलं की चित्राआधी सिरियलची हद्द बघतो: कुठल्या नंबरपर्यंत हा पार्ट, कुठून पुढे दुसरा. आणखी एक गोम म्हणजे लोखंडावर उठून दिसणारा ओतीव नंबर हा पार्ट नंबर असेलच असं नाही. तो कच्च्या ओतकामाचा असू शकतो. एकाच ओतकामावर वेगवेगळं मशिनिंग करून दोन निराळे पार्ट बनवलेले असतात. मी दोन आठवडे असाच एक नंबर पुस्तकात शोधत बसलो होतो.

नंबर वाचायची माझी पद्धत अशी: डिझेलच्या बोळ्याने पुसायचं, कोरडं करायचं, मग खडू आडवा धरून हलकेच घासायचा आणि बॅटरी अगदी बाजूने तिरपी मारायची. समोरून उजेड टाकला तर ३, ८ आणि बी एकसारखेच दिसतात. जुन्या नंबरांचा साचा बहुधा एक अंक, एक अक्षर, पुढे चार अंक असा असतो, त्यामुळे अक्षराची जागा कळली की निम्मा घोळ मिटतो. डावं-उजवं सीटवर बसून पुढे तोंड केल्यावरचं धरायचं, हेही मी एकदा उलटं केलंय.

डावीकडचा स्टिअरिंग क्लच, म्हणजे त्या बाजूच्या चेनची ताकद तोडून ट्रॅक्टर वळवणारा क्लच, पार जाम होता. लिव्हर ओढली तरी चेन फिरतच राहायची. प्लेटा गंजून चिकटल्या होत्या. लिव्हर मागे ओढून दोरीने बांधली, पहिल्या गिअरमध्ये थोडं पुढे, थोडं मागे असं करत ब्रेक दाबत राहिलो. तिसऱ्या संध्याकाळी खाडकन आवाज झाला आणि ट्रॅक्टर एकदाचा डावीकडे वळला. त्या आवाजाने जेवढा आनंद झाला तेवढा इंजिन सुरू झालं तेव्हाही झाला नव्हता. उजवीकडे मात्र सील गळून तेल आत शिरलेलं होतं, तिथे खोलण्यावाचून इलाज नव्हता.

चेनच्या पिना-बुश एकाच अंगाने झिजतात, म्हणून फिरवून घेतल्या. सैलपणा साधारण इंच-दीड इंच ठेवतो, आयडलर (चेनचं पुढचं चाक) आणि वरच्या रोलरवर सरळ पट्टी टाकून मोजतो. डावीकडचे दोन रोलर दुसऱ्याच कुठल्या मशिनचे निघाले. चालतायत म्हणून ठेवलेत.

रोजच्या वापरात लाडावलेलं पोर म्हणजे दोन सिलिंडरचं पेट्रोल स्टार्टर इंजिन, पोनी. आधी ते सुरू करायचं, त्याने मोठं डिझेल फिरवायचं, तेही कॉम्प्रेशन सोडून (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊ न देता, म्हणजे ते हलकं फिरतं), ऑइल प्रेशर येईपर्यंत. मगच कॉम्प्रेशनची लिव्हर ‘रन’वर. दोघांचं पाणी एकच असल्यामुळे डिझेल आपोआप कोमट होतं, थंडीत याची किंमत कळते. पण पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये राहिलं की चिकट होतं. आता पेट्रोलचा कॉक बंद करून पोनी आपोआप विझू देतो. ही सवय लागल्यापासून त्याने एकदाही रुसवा धरलेला नाही.

एकाने सांगितलं, मूळ रंग करडा असणार. तसं असणं कठीण, कारण कंपनीने पिवळा रंग १९३१ च्या डिसेंबरातच धरला होता आणि डी२ आला त्यानंतर सात वर्षांनी. टूलबॉक्सच्या तळाशी खरवडलं तर पिवळाच निघाला.

उजवीकडचा फायनल ड्राइव्ह (चेनला फिरवणारा शेवटचा गिअरचा डबा) अजून पाझरतो, दर आठवड्याला तेल बघावं लागतं. एवढं सोडलं तर घेतल्याचा पश्चात्ताप नाही. फक्त एक तीन भोकांचं ब्रॅकेट उरलंय. नंबर स्वच्छ वाचता येतो, पुस्तकात कुठेच नाही. अधूनमधून ते उचलतो, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारतो, दोन भोकं कुठेतरी जुळतात, तिसरं जुळत नाही, आणि पुन्हा रिंगांशेजारी ठेवून देतो.