विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील : वकिलाला पाच तारे, नोटिशीला एक

एसटीत कंडक्टर होतो. आमची पेन्शन किती ते एसटीवाल्यांनाच विचारा. लेक नवऱ्याचा मार खाऊन नातीला घेऊन घरी आली, तेव्हा ओळखीतल्या वकिलाने फीचा आकडा सांगितला आणि मी नुसता नमस्कार करून उठलो. मग कुणीतरी कोर्टाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस दाखवलं.

तिथल्या बाबूने आधी उत्पन्नाचा दाखला मागितला. तो लागत नाही. विधी सेवेच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ठामपणे सांगितलं की ऐकतात. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइन नंबरवरही आधी विचारून घेता येतं.

प्राधिकरणाच्या यादीतल्या (पॅनेलवरच्या) वकीलबाई वयाने माझ्या लेकीएवढ्याच. पहिलं वाक्य काय, तर "काका, तुम्ही जरा बाहेर बसा." राग आला. पण बाकावर बसून तासभर गेला आणि आत लेकीने जे सांगितलं ते तिने आपल्या आईलाही सांगितलं नव्हतं. फुकटचा वकील घाईत उरकतो म्हणतात. या बाईंनी कुठल्या वेळी काय घडलं, कुणी पाहिलं, दवाखान्याचे कागद कुठे आहेत, सगळं शांतपणे लिहून घेतलं.

अर्ज आमच्याच तालुक्यात लागला. त्रास झालेली बाई सध्या जिथे राहते तिथे कौटुंबिक हिंसाचाराची केस चालते, सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. मुख्य अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचाही अर्ज द्या, हे वकीलबाईंनीच बजावलं.

आता दुसरी बाजू. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न, असं आहे. वेळापत्रक लावलंय, गाडी मात्र डेपोतच. नोटीस संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत (या कायद्याच्या कामासाठी नेमलेले अधिकारी) दोन दिवसांत बजावायची असते, पण त्यांच्याकडे कामाचा ढीग. जावयाला काढलेली आमची नोटीस "सदर पत्त्यावर राहत नाही" असा शेरा घेऊन परत आली. पठ्ठ्या तिथेच होता, रोज गाडी धूत होता; शेजारीण फोनवर सांगायची. पुन्हा नोटीस, पुन्हा तारीख. कोर्टाच्या कँटीनमधला चहा मात्र चांगला आहे, एवढं सांगून ठेवतो.

शेवटी तो वकील घेऊन हजर झाला. त्याचं म्हणणं, घर आईच्या नावावर आहे, हिचा हक्क कसला? आमच्या बाईंनी सुप्रीम कोर्टाचा २०२० चा सतीश आहुजा निकाल पुढे केला : नवरा-बायको जिथे एकत्र नांदले ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी सामायिक घर, म्हणजे सुनेला राहायचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दोन्हीकडची मिळकतीची शपथपत्रं मागवली. पोटगीचा अंतरिम आदेश झाला, आणि त्याने लेकीच्या जवळही फिरकू नये असा संरक्षण आदेशही. हा संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हापासून रात्रीचे फोन थांबले.

पोटगीचे पैसे मात्र पहिल्या महिन्यानंतर बंद. आता वसुलीचा अर्ज टाकलाय. नवरा नोकरीत असेल तर कोर्ट थेट मालकाला पगारातून रक्कम द्यायला सांगू शकतं, म्हणून त्याच्या कंपनीचा पत्ता आणि पगाराची जुनी स्लिप लेकीने शोधून काढलीय. कपाटात आहेराच्या यादीसोबत होती.