एम.एड., डीएसएम (शाळा व्यवस्थापनाची पदविका) की एम.ए. एज्युकेशन? सोलापूरच्या शिक्षकांनी पगार बघून ठरवायचं तर

बी.एड. करून अनुदानित शाळेत लागलेली पोरंपोरी हेच विचारतात, पुढं काय करू आणि पगार किती वाढेल. तर आधी हे घ्या, अनुदानित शाळेत पगार पदाला असतो, डिग्रीला नाही. माध्यमिकला पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून १८,००० मानधन (२०२३ च्या आधी ८,००० होतं, त्यात घरभाडं भरून लोकांनी कसं भागवलं असेल, विचार करूनच जीव तुटतो), मग ३८,६०० बेसिक. शेजारच्या टेबलावरच्या सरांकडं एम.एड. असो नसो, बेसिक तेवढंच.

मुख्याध्यापक व्हायला एम.एड. लागतं हा समज तर लई पसरलाय. खासगी शाळांची १९८१ ची नियमावली वाचा, तिथं बी.एड., अनुभव आणि सेवाज्येष्ठता चालते, त्यामुळं तुमच्या पुढं ज्येष्ठता यादीत आठ जण असतील तर एम.एड. करूनही ते आठ जण पुढंच राहणार. अल्पसंख्याक संस्थेत मात्र वेगळं, त्यांना मुख्याध्यापक निवडायची मोकळीक असते, आणि आपल्या सोलापुरात उर्दू, कन्नड, तेलुगू संस्था आहेत, तिथं जास्तीच्या डिग्रीला वजन येऊ शकतं.

आता एम.एड.चा खरा खर्च. २०१५ पासून कोर्स दोन वर्षांचा झालाय, आणि त्यासाठी बिनपगारी रजा टाकली तर नुसतं बेसिकच सव्वानऊ लाखांच्या वर जातं, फी वेगळीच. हे पैसे परत यायचा रस्ता म्हणजे बी.एड. कॉलेजची प्राध्यापकी, सुरुवातच ५७,७०० ला. पण त्याला नेट-सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी पाहिजे, शिवाय एम.एड.सोबत विषयातली दुसरी मास्टर्सही ५५ टक्क्यांनी लागते, आणि हे सगळं असूनही तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशावर, वर्षानुवर्षं राबणारे लोक आहेत. मला त्यांचं फार वाईट वाटतं.

मुक्त विद्यापीठाचं डीएसएम नोकरी सांभाळून होतं. त्याचा उपयोग निवड श्रेणी या वरच्या वेतनश्रेणीला, म्हणजे १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, आणखी १२ वर्षांनी निवड श्रेणी, तीही २० टक्के लोकांनाच. म्हणून तिशीत घाई कशाला?

एम.ए. एज्युकेशन इग्नूतून घरी बसून होतं आणि बी.एड.सोबत ५५ टक्के असतील तर बी.एड. कॉलेजच्या काही जागांना तेही चालतं, म्हणून प्राध्यापकीचा विचार असेल तर रजा टाकण्याआधी मी हेच सुचवेन.

आणि पैसाच बघायचा तर केंद्रीय विद्यालयाचं प्रिन्सिपलपद बघा, बेसिक ७८,८०० पासून, पात्रता मास्टर्स, बी.एड. आणि अनुभव, एम.एड.ची सक्ती नाही. तेव्हा कुठलाही फॉर्म भरायच्या आधी शाळेच्या ऑफिसातून ज्येष्ठता यादी मागून घ्या, आपलं नाव कितवं आहे आणि वरचे कधी रिटायर होतायत ते बघा.