भंगारातला ग्रास कटर: टू-स्ट्रोक उचलावा की फोर-स्ट्रोक?

दोन्हींपैकी कुठलाही असो, आधी एवढंच शोधा की मशीन टाकून का दिलं.

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, आणि तो बहुधा बिनऑइलच्या पेट्रोलने गेलेला असतो. सायलेन्सर काढा, एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारा आणि स्टार्टरची दोरी हळू ओढत पिस्टन बघा. गुळगुळीत असेल तर बिनधास्त घ्या. उभ्या रेघोट्या दिसल्या, तर सिलिंडर-पिस्टन किट आलंच. चालू मॉडेलचं किट सांगली-मिरजेत मिळतं आणि काम दुपारभराचं आहे. शिवाय मशीन हलकं. शिराळ्या-पाटणच्या उतारावरच्या बांधांना ते बरं पडतं.

फोर-स्ट्रोक बहुतेक वेळा पडून राहिल्याने बंद पडतो. मागच्या पावसाळ्यातलं पेट्रोल टाकीत तसंच. त्यातलं 20 टक्क्यांपर्यंतचं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, कार्ब्युरेटरच्या जाळीवर चिकट थर बसतो. कार्ब्युरेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा) बोटावर धरून बघा: नवा कापडासारखा लोंबतो, जुना वाळक्या पानासारखा ताठ राहतो. डायफ्राम किट बदला. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने ओढून काढा आणि नवा घाला, तडकलेली नळीही बदला. प्लगची गॅप 0.6 ते 0.7 मिमी. फोर-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलपासून वेगळं, इंजिनात असतं; ते जेमतेम 100 मिली, म्हणून वर्षानुवर्षं कुणी बदलत नाही. चालू करण्याआधी ते बदलाच. मग थंड इंजिनवर व्हॉल्व्हची गॅप तपासा (होंडा जीएक्स35 ला इनटेक 0.08, एक्झॉस्ट 0.11 मिमी). एक धोका मात्र आहे: या छोट्या इंजिनांत सिलिंडर आणि हेड बऱ्याचदा एकसंध असतं. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) खराब निघालं तर खर्च परवडत नाही. कॉम्प्रेशन नसेल, म्हणजे दोरी ओढताना दाब जाणवत नसेल, तर हात लावू नका.

माझं मत फोर-स्ट्रोककडे झुकलं ते टू-स्ट्रोकच्या मिश्रणाच्या कटकटीमुळे. 1:25 म्हणजे लिटरला 40 मिली 2T (टू-स्ट्रोकचं) ऑइल, हिशोब सोपा आहे. पण बांधावर मशीन नेहमी एकाच्याच हातात नसतं. घाईत कुणीतरी मोटारसायकलच्या कॅनमधलं पेट्रोल ओततो आणि थोड्याच वेळात नव्या पिस्टनवर त्याच रेघोट्या उमटतात. ज्या चुकीने मशीन भंगारात गेलं, तीच चूक दुरुस्तीनंतरही घरात तयार असते. फोर-स्ट्रोकला ही चूक करताच येत नाही.

मशीन तुम्ही एकटेच वापरणार असाल तर टू-स्ट्रोकही वाईट नाही. मिश्रणाचा कॅन वेगळ्या रंगाचा घ्या, त्यावर कायम शाईने ‘40 मिली’ लिहा आणि मोजमापाचं झाकण दोरीने कॅनलाच बांधून ठेवा.