बिशप्स क्राउन आणि बिकिन्यो : ग्रिलमधले नऊ महिने

गोपाळकाल्याच्या आदल्या दिवशी बी पेरलं, आता मे उजाडलाय. मुलुंडचा चौथा मजला, पूर्वेकडचं ग्रिल, ऊन सकाळी सातपासून जेमतेम साडेअकरापर्यंत. या चित्रविचित्र आकाराच्या मिरच्या मुंबईत होतात का, असं मला बरेच जण विचारतात. होतात, पण स्वतःच्या मर्जीने.

बिशप्स क्राउनला आमच्या घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती दिसतेच तशी : चपटी, तीन-चार कान बाहेर आलेली. बिकिन्यो ब्राझीलची, पोर्तुगीजमध्ये नावाचा अर्थ 'छोटी चोच'. थेंबाएवढी मिरची, खाली टोक काढलेलं.

पाकिटावर भिंगरीपुढे नुसतं 'सौम्य' छापलंय. ते अर्धंच खरं. कान खरोखर गोड, ढोबळीपेक्षा चवदार. पण मिरचीचा तिखटपणा तयार होतो बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गरात, आणि तो गर असतो मधोमध, कानांत पोचतच नाही. स्कोव्हिलच्या, म्हणजे तिखटपणा मोजायच्या, मापात भिंगरी साधारण ५,००० ते ३०,०००, बिकिन्यो ५०० ते १,००० आणि ढोबळी शून्य. सासूबाईंनी पहिली भिंगरी कानाच्या टोकापासून खायला घेतली, "यापेक्षा काकडी बरी" म्हणाल्या, आणि पुढच्याच घासाला मधोमध पोचल्या. मग पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. शेजारच्या काकांनी लगेच निदान केलं, बाजूच्या कुंडीतल्या लवंगीचे पराग लागले म्हणून ही तिखट झाली. तसं नसतं हो. परक्या परागांचा परिणाम बियांत उतरतो, म्हणजे त्या बिया पेरल्या तर पुढच्या झाडांत दिसतो. हातातल्या फळाचा तिखटपणा त्याने बदलत नाही.

खरा जीव काढला तो ऑक्टोबरने. भिंगरी चार फूट वाढली, फुलं भरभरून (पांढऱ्या पाकळ्यांवर हिरवट-पिवळे ठिपके, बघत बसावीत अशी), आणि रोज सकाळी झाडून काढायची तीही फुलंच. मी खत बदललं, पाणी कमी केलं, पुन्हा वाढवलं. दोष माझा नव्हता, उकाड्याचा होता : रात्रीही गारवा नसला की मिरची फूल टाकते. डिसेंबरात पहाटे पंखा बंद करावासा वाटायला लागला, त्याच आठवड्यात पहिली फळं धरली. लाल व्हायला मात्र फेब्रुवारी उजाडला. बिकिन्यो दीड-दोन फुटांतच राहते आणि तिने जानेवारीतच वाटीभर मिरच्या दिल्या.

तिच्यावर मध्ये कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानांतला रस शोषणारी बारीक कीड) पडले. शेंड्याची पानं बारीक, ताठ आणि खाली वळलेली. पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात घुसळून, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून. तीन फवारण्यांनी झाड सावरलं.

खायला म्हणाल तर बिकिन्यो व्हिनेगर, मीठ आणि चिमूटभर साखरेत मुरवली. वरण-भाताबरोबर मुलं मोजून घेतात. भिंगरी बेसन भरून छान होते, मात्र मधला गर आधी चमच्याने खरवडायचा. सांडगी मिरची करायला गेले ती फसली. साल जाड, आत रस भरपूर, आणि मुंबईची हवा. चौथ्या दिवशी बुरशी. ताटभर मिरची टाकून दिली, दही-धने-जिऱ्यासकट.

बियांबद्दल एक तक्रार. दहा बियांचे १२० रुपये घेतले, त्यांतलं एक झाड चक्क साधी लांब मिरची निघालं. विक्रेत्याला फोटो पाठवला, उत्तर नाही.

या वर्षी बी जूनअखेरीस पेरणार, म्हणजे थंडी येईल तेव्हा झाड तयार असेल. बिकिन्योच्या चार कुंड्या, भिंगरीची एकच. जुनी भिंगरी गुडघ्याएवढी छाटून ठेवलीय, तिला कालच दोन नवे फुटवे आलेत.